दहावर धर

१

शनिवारी सकाळी दहा वाजता मी दादाला फोन लावतो. तिकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, जेवणं उरकलेली असतात आणि उजेड भरपूर असतो. उजेड लागतोच, कारण घरात अजून वीज आलेली नाही.

मी नकाशे काढतो. वास्तुविशारद वगैरे नव्हे. ते लोक कल्पना लढवतात आणि त्या कल्पनेला दार कुठून काढायचं ते आम्ही ड्राफ्ट्समन बघतो. सोळा वर्षं परक्यांची घरं कागदावर उभी केली. युद्ध थांबलं आणि आमच्याच घराचा नकाशा काढायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्याकडे ओघानंच आलं. नाहीतरी मी दुसरं काय करणार होतो? विटा उचलायला दादा होता, त्याच्या बरोबरीनं राबायला वहिनी होती. धाकट्यानं लांबून नकाशा काढायचा.

घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधून जिना, वर एकच लांब खोली. वरच्या खोलीचं छप्पर उडालं, तिची लांब भिंत अर्धी कोसळली आणि जिन्याचा पार चुरा झाला. खालचं तसं उभं आहे, पण दारं-खिडक्या चौकटींसकट निखळल्या. मदत कार्यालयाचा नियम असा, की सगळी मापं भरलेला नकाशा दिला तरच छपराचं लोखंड आणि पत्रे मिळतात. एकही रकाना मोकळा चालत नाही. आणि छप्पर थंडीच्या आत व्हायला हवं, कारण आई, दादा आणि वहिनी दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी तळघरात राहताहेत आणि तिथल्या ओलीनं आईचा खोकला हटत नाही.

तर दादा मोजतो आणि सांगतो, मी लिहून घेतो. टेप मीच पार्सलनं पाठवला. लाल डबीचा, पाच मीटरचा, टोकाला चांगला मजबूत आकडा असलेला. एकट्या माणसाला मोजता यावं म्हणून मुद्दाम तसा निवडला.

बाबांच्या टेपला आकडा नव्हता. बाबा पाणीपुरवठा खात्यात फिटर. एकदा पाइप कापताना टेपचं टोक आकड्यासकट तुटून गेलं, सहा-सात सेंटिमीटर. दुसऱ्या कुणी तो टेप फेकून दिला असता. बाबा म्हणाले, "पुढचा धडधाकट आहे की!" तेव्हापासून आमच्या घरात शून्यापासून कुणी काही मोजलं नाही. एकानं दहाची खूण अंगठ्यानं भिंतीला दाबून धरायची, दुसऱ्यानं वाचायचं, आणि जे येईल त्यातून दहा वजा करायचे. धरायचं काम माझ्याकडे, कारण दादा चुळबुळ्या. "दहावर धर, आणि हलू नकोस," बाबा बजावायचे. कसं धरायचं ते स्वतःचा अंगठा ठेवून दाखवायचे. त्या अंगठ्याचं नख हातोडी बसून कायमचं काळं पडलं होतं.

पंपांच्या घरघराटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्यांना खुणांची सवय. तीच घरात आली. नीट धरलं की भिंतीवर दोनदा टकटक करायचं. माप झालं की बाबा एकदा वाजवायचे, म्हणजे सोड.

२

पहिली तक्रार सुताराची आली. दादाला मधे न घेता त्यानं थेट मलाच फोन केला.

"भाऊ, स्वयंपाकघराची चौकट तुमच्या कागदाबरहुकूम केली. ती दहा सेंटिमीटर मोठी आहे."

"तुम्ही नीट मोजून पाहिलंत?"

"चौकट हातात घेऊन दारात उभा आहे, आणखी काय मोजू? एवढ्या दारातून नवरा-बायको भांडण न थांबवता शेजारी शेजारी आत येतील."

माझ्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्यामुळे मला राग आला. वही काढली. माझ्याच अक्षरात शंभर लिहिलेलं होतं. सुतार नव्वद म्हणत होता. मग गवंड्याला फोन करून पुढच्या खोलीची लांबी विचारली. त्याची चारशे बारा, माझी चारशे बावीस. एक एक करत सगळी मापं पडताळली. पहिल्या दोन शनिवारांची चोख होती. गवंड्यानं जिना बांधून पुरा केला, त्यानंतरचं प्रत्येक माप बरोबर दहानं जास्त.

मला हसूच आलं. नवा टेप आणि जुनी खोड. दादा शून्याला न धरता दहावर धरत असणार, आणि वजा करायचं विसरत असणार. हे आमच्याच घरात होऊ शकतं. मी लगेच त्याला फोन लावला.

"दादा, या टेपला आकडा आहे रे बाबा. शून्यापासून मोज. दहावर धरू नकोस."

"मी कुठे धरतो?" दादा म्हणाला. "मी वाचतो."

मग सिमेंटचा विषय निघाला आणि ते बोलणं तिथंच राहिलं. चहा घेताना त्याचं वाक्य परत आठवलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. मापं सांगताना दादाच्या मागे दर वेळी टकटक ऐकू यायची. गवंडी काम करतोय, असं मी धरून चाललो होतो. पण गवंडी शनिवारी येतच नाही.

३

बाबा गेले तो गुरुवार होता.

युद्धबंदी होऊन नऊ दिवस झाले होते. त्याआधी समोरच्या अंगणात गोळा पडून आमच्या वरच्या खोलीची खिडकी गेली होती आणि भिंतीला तडा गेला होता. नुकसान एवढंच. त्याचा नकाशा झटपट करून अर्ज टाकला तर पहिल्या यादीत नाव लागेल, हा माझा उत्साह. बाबांनी आईला टोक धरायला लावून खालची सगळी मापं पाठवली होती. वरच्या लांब भिंतीचं तेवढं राहिलं होतं.

"उद्या घेतो," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचा गुडघा वर चढू देत नाही. उद्या दादा आला की त्याला धरायला लावतो."

"उद्या मी साइटवर आहे, बाबा. आज हाताशी वेळ आहे, होऊन जाऊ दे. एक खिळा ठोका आणि त्याला बांधा. एका भिंतीचं एवढं काय?"

"बरं, साहेब," ते म्हणाले. ऑफिसातली नोकरी लागल्यापासून ते मला चिडवायला साहेब म्हणायचे. त्यांच्याशिवाय घरात कुणी म्हटलं नाही. "पाच मिनिटांत सांगतो."

मी वाट पाहिली. मग वैतागलो. मग सगळ्यांबरोबर चहाला गेलो. परत आलो तरी रकाना मोकळाच. संध्याकाळी दादाचा फोन आला, की युद्धबंदी मोडली, पहिलाच गोळा आपल्या घरावर पडला आणि बाबा वरच्या खोलीत होते. टेप शोधूनही सापडला नाही.

नंतर कितीतरी महिने आई फोनवर मला एकच विचारायची, "ते वर कशाला गेले रे?" मी गप्प बसायचो. रस्ते बंद म्हणून मी गेलो नाही. रस्ते उघडले तेव्हा रजा मिळेना. रजा मिळाली तेव्हा आईसमोर उभं राहायची हिंमत उरली नव्हती. नकाशा काढून देतो म्हणालो ते त्यामुळेच, आणि सगळ्यांना वाटलं धाकटा किती करतो.

४

पुढच्या शनिवारी मी दादाला कॅमेरा लावायला सांगितलं. त्यानं विटांच्या चळतीवर फोन टेकवून ठेवला. पुढची खोली दिसत होती: नवं गुळगुळीत प्लॅस्टर, जमिनीवर वाळू, मोकळ्या खिडकीतून आलेलं ऊन. दादा डाव्या भिंतीला डबी टेकवून उभा होता. तिच्यातून निघालेली टेपची पट्टी छातीच्या उंचीवरून सरळ, ताठ, खोली ओलांडून उजवीकडे गेली होती. उजवी भिंत कॅमेऱ्यात येत नव्हती.

चार मीटर टेप हवेत तसा राहत नाही. मधे झोळ पडतो. झोळ न पडण्यासाठी पलीकडून कुणीतरी ओढून धरावं लागतं. मी लहानपणभर तेच केलंय.

"धरलं?" दादानं विचारलं. मला नव्हे.

टक टक.

"चारशे बावीस," दादा म्हणाला.

"दादा, दुसरं टोक कशाला अडकवलंयस?"

त्यानं आधी तिकडे पाहिलं, मग फोनकडे. "आहे खिळा."

"दाखव."

त्यानं डबी भिंतीपासून काढली आणि फोन उचलला, तशी पट्टी सर्रकन आत गेली. त्यानं मला भिंत दाखवली. खिळा नव्हता. दादा म्हणाला, पडला असेल. मीही म्हटलं, पडला असेल. पण प्लॅस्टरमध्ये छातीच्या उंचीवर एक वाटोळा खळगा होता, अंगठा दाबल्यावर उठतो तेवढा. प्लॅस्टर ओलं असताना कुणाचंही बोट लागू शकतं, हे मी स्वतःला दिवसभर समजावत राहिलो.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. ती कधी कुणाची चुगली करणाऱ्यातली नाही, त्यामुळे बोलायला जरा अडखळत होती.

"भाऊजी, मोजायला मी येते म्हटलं तर हे नको म्हणतात. गवंडी म्हणाला मी मोजून देतो, तर त्यालाही नको. म्हणतात, आपल्याकडे माणूस आहे. कोण माणूस, भाऊजी? मी तर कुणाला पाहिलं नाही."

"असेल कुणी शेजारचा."

"शेजारी राहिलंय कोण?" ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण खोटं कशाला बोलू, शनिवारी घरून परत येतात तेव्हा शीळ घालत येतात. इतक्या महिन्यांत ऐकली नव्हती. म्हणून मीही फार खोदून विचारत नाही."

मीही विचारलं नाही. गुपचूप सगळ्या मापांतून दहा वजा केले. सुतारानं चौकट कापून बसवली, आणि ती झकास बसली.

५

शेवटी नकाशात एकच रकाना मोकळा राहिला. कोणता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादाही शनिवारमागून शनिवार खालचंच मोजत राहिला होता, आणि मीही वरच्या खोलीचा विषय कधी काढला नव्हता.

वरच्या खोलीला डोक्यावर नुसतं आभाळ. गवंड्यानं लांब भिंत पुन्हा उभी केली होती. जुनी वीट कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ते रंगावरून कळत होतं. दादानं फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि डावा कोपरा गाठला. पट्टी निघाली, भिंतीला लागून उजवीकडे गेली आणि ताठ झाली.

"धरलं?"

टक टक.

"चारशे शहात्तर."

डबी हातात तशीच ठेवून दादा माझ्याकडे आला आणि त्यानं फोन उचलला. उचलताना चित्र गरकन फिरलं. खिडकी, वाळूची घमेली, मग उजवा कोपरा. पट्टीचं टोक भिंतीला दाबलेलं होतं. दहाच्या खुणेवर अंगठा होता. नख काळं. त्याच्या मागे बाहीची कड, चुन्याच्या धुळीनं पांढरी झालेली. मग आभाळ आलं, मग दादाची हनुवटी.

मी पाहिलं ते एवढंच. डोळा लवायला लागतो त्याहून कमी वेळ. तो खिळ्याच्या डोक्याचा डाग असू शकतो, आणि बाही दादाचीच असू शकते.

"लिहिलंस का?" दादानं विचारलं.

मला फक्त चारशे सहासष्ट लिहायचं होतं. ते लिहिलं की नकाशा पुरा, सोमवारी अर्ज, पंधरा दिवसांत पत्रे, आणि आई तळघरातून वर. ते लिहिलं की मोजायचं काही उरत नव्हतं. माझी बोटं टायपायला तयार होईनात.

"दादा, नीट ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "पुन्हा घे."

दादानं मान वळवली. "पुन्हा एकदा म्हणतोय," असं कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाला.

टक टक.

मी तीन शनिवार असं केलं. एकदा म्हणालो, भिंत ओळंब्यात नाही वाटतं. एकदा म्हणालो, फाइल उडाली. दादा एका शब्दानं कुरकुरला नाही, आणि तेच मला जास्त लागत होतं. तिकडे सकाळी दहिवर गोठायला लागलं होतं. गवंडी म्हणाला, तुमचे भाऊ नकाशा काढताहेत की महाल? माझ्यामुळे आईचा खोकला वाढत होता हे मला स्वच्छ कळत होतं. आणि ज्या माणसाला मी एकदा त्या खोलीत चढवलं, त्यालाच मी दर आठवड्याला पुन्हा चढवत होतो, हेही कळत होतं. तरी पुढचा शनिवार आला की जीभ तेच म्हणायची. तिसऱ्या खेपेला पट्टी थरथरत होती. पहिली टक आली, आणि दुसरी येईपर्यंत मी श्वास धरून बसलो.

६

आई स्वतःहून फोन करत नाही. तिला बटणांचा कंटाळा. म्हणून बुधवारी ऑफिसात तिचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा मी जिन्यात पळत गेलो.

"अजून किती वेळा घेणार आहेस माप?" ती म्हणाली. खोकली. मी थांबलो.

"आई, ते वर कशाला गेले ते मला माहीत आहे. मीच—"

"मला माहीत आहे. जाताना सांगून गेले, धाकटा थांबलाय म्हणून. मी म्हटलं, थांबा, मी येते टोक धरायला. तर म्हणाले, गुडघा सांभाळ, तू चहा ठेव. मी चहा ठेवला."



"मग इतके महिने मला का विचारत होतीस?"

"तू सांगशील म्हणून."

जिन्यातून कुणीतरी फायली घेऊन वर गेलं. मी भिंतीकडे तोंड केलं. मला रडताना पाहायची त्या ऑफिसाला सवय नाही.

"मी रोज दुपारी घरी जाते," आई सांगत होती. "जिन्याखाली बसते. वर चढवत नाही, पण ऐकू येतं सगळं. आता ती दुसरी टक फार उशिरा येते रे. हात भरून आला असेल त्यांचा. सोडायला सांग त्यांना."

"तूच सांग ना, आई. ते तुझं ऐकतील."

"माझं कसं ऐकतील? माप तू मागितलंयस."

७

शनिवारी दादा डोक्याला मफलर गुंडाळून वर आला होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यानं फोन कट्ट्यावर ठेवला, कोपरा गाठला. "धरलं?" म्हणाला. आम्ही दोघं थांबलो. पहिली टक आली. खाली कुठेतरी आई खोकली. मग दुसरी आली.

"चारशे शहात्तर."

मी चारशे सहासष्ट लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "झालं, दादा. नकाशा पुरा झाला."

दादानं डबी भिंतीवरून काढली नाही. मान वळवून तो कोपऱ्याकडे बघत राहिला, समोरचं माणूस हळू बोलत असलं की आपण बघतो तसा.

"विचारताहेत," तो म्हणाला, "आणखी काही राहिलंय का?"

कोण विचारतंय, हे मी विचारलं नाही. खिडकी राहिली म्हणालो असतो तर त्यांनी खिडकी धरली असती. पाण्याची टाकी, अंगणाची कड, मी मागेन ते धरत राहिले असते, हात गळून पडेपर्यंत. त्यांना नाही म्हणणं कधी जमलं नाही, आणि मला मागताना कधी विचार सुचला नाही.

"काही नाही राहिलं," मी म्हणालो. "मला माफ करा म्हणावं."

मग मी माझ्या टेबलावर बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं.

आवाज तिथवर गेला असणार, कारण पट्टी सर्रकन दादाच्या हातातल्या डबीत शिरली. दादा क्षणभर तोल गेल्यासारखा झाला. मग त्यानं नाक पुसलं, फोन उचलला आणि न सांगता मला उजवा कोपरा दाखवला. नवी वीट, जुनी वीट, आणि मधे काही नाही.

तो परत कट्ट्यावर फोन ठेवून पाठमोरा झाला आणि टेप खिशात घालू लागला.

"छप्पर झालं की खिडक्यांच्या पडद्यांची मापं घ्यायची आहेत," तो म्हणाला. "आता टोक धरायला कुणी नाही. तू कधी येतोस?"

"पुढच्या महिन्यात बघतो," मी म्हणालो. सोळा वर्षांची सवय. तोंडातून निघून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

दादा पाठमोराच होता.

"बरं, साहेब," असं ऐकू आलं.

दादानं मला जन्मात कधी साहेब म्हटलेलं नाही.